बेजार

विद्याश्रीच्या वहीत एक शब्द अडलाय :
मन राखणे, आणि पुढं टिंब टिंब.
ती पेन्सिल चावते, मी पान कापते,
सूप मांडीवर, तंबाखूची धूळ डोळ्यांत.

दुखावणे लिही, म्हटलं.
ते बाईंनी फळ्यावर दिलंय, दुसरं सांग.
मग खिजवणे. नाहीतर डिवचणे,
पण डिवचायचं असतं काठीनं, विंचवाला,
किंवा माझ्या लग्नात अक्कोळच्या मावशीनं डिवचलं तसं :
"कानडी घर? बोलशील कुणाशी, भिंतीशी?"
हिरमोड करणे. त्याला आवाज नसतो.
जत्रेत पाळण्यापर्यंत नेऊन
पोराला तसंच परत आणावं, तसं काहीतरी.
तोंडावर बोलणे, हे चालेल?
ती म्हणते, आई, तो शब्द नाही, ती तू आहेस.

उंबऱ्यात निंगव्वा, माझी सासू, गोकाककडची,
दोरा दातानं तोडतेय.
निपाणीत मी नांदायला आले
तेव्हा तिच्याकडं मराठी बाजारापुरती :
किती, नको, सुट्टे दे.
माझ्याकडं कानडी त्याहून कमी.
शोधून शोधून एकच शब्द दोघींचा निघाला.

संध्याकाळी कट्टे मोजून झाले की ती विचारायची,
"बेजार आतेनव्वा?"
आणि मी, मान आखडलेली, बोटं काळी,
हजारातल्या चाळीस विड्या मुकादमानं फेकलेल्या,
खरं तेच सांगायची :
बेजार झाले हो, लई बेजार.

तिनं तरी काय करावं?
आधी शेंगाहोळगी केली, तुपासकट.
मग हिरव्या बांगड्या आणल्या, एक माप मोठ्या.
मग माहेरी निरोप धाडला. भाऊ आला,
चप्पल न काढता दारातच उभा :
कोण काय बोललं तुला?
मी म्हटलं, कोण कशाला बोलेल?
दोन वर्षं मला वाटत होतं
ही बाई माझं अंग दुखतंय का विचारते.
दोन वर्षं तिला वाटत होतं
तिनं माझं मन दुखवलंय
आणि कशानं, ते मी सांगत नाही.

उलगडा झाला चिकोडीच्या गाडीत.
सुट्ट्यावरून मी कंडक्टरशी भांडले,
तो नरमला, म्हणाला, "बेजार माडकोब्याडरी."
शेजारच्या बाईनं समजावलं :
मनाला लावून घेऊ नका म्हणतोय.
माझा थांबा मागं गेला.

घरी येऊन तिला दाखवलं, हातवारे करून :
तुझं बेजार इथं, छातीत.
माझं इथं, मानेत, कमरेत.
तू काही केलंच नव्हतंस.
वाटलं, हसेल.

ती उठली, सूप भिंतीला टेकवलं,
आणि तीन दिवस बोलली नाही.
देव्हाऱ्यापुढं दोन वर्षं
रोज रात्री कुणाची माफी मागत होती, ते तेव्हा कळलं.
आपला गुन्हाच नव्हता हे ऐकून
माणूस एवढं दुखावतं?
मी तिला कधी उलट बोलले नव्हते.
नीट अर्थ सांगितला, एवढंच.

चौथ्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट सारलं,
जरा जोरात. आमटी सांडली.
तेव्हापासून आमचं बरं आहे.

विद्याश्री आता आजीकडं सरकते :
अज्जी, मन राखणे, याच्या उलट काय?
निंगव्वा वर बघत नाही.
दोऱ्याची गाठ आवळते, आणि मराठीत,
एकेक अक्षर निवडून, खडा निवडावा तसं,
"समजून सांगणे."

बाई चूक देतील, पोरगी म्हणते.
देऊ देत, मी म्हणते. लिही.
निंगव्वाचा चेहरा दिसत नाही,
खांदे तेवढे हलतायत.
हसतेय की काय, विचारावं का?
नको. पानं वाळतायत.
जा, ओलं फडकं आण.